छाट

शाखेत चेकरसमोर सुपडं ठेवायचं.
तो मूठभर उचलतो, अंगठ्यानं दाबतो,
ही सैल, ही आखूड, हिचं पान डागी.
हजारातल्या साठ-सत्तर सहज छाटात टाकतो.
चोवीस वर्षं रोज माझा हात तपासला गेला.
मी नाही.

सोमवारी बालवाडीत शिबिर होतं.
खिडक्यांना चादरी बांधलेल्या, मोरांच्या,
एकीवर नवऱ्याच्या कारखान्याचा शिक्का.
मी गेले ती बालमणीच्या सोबतीला.
तिला अंगावरून जातं, वर्ष झालं.

काय शब्द काढलाय,
अंगावरून जातं.
म्हणजे आपलं नव्हेच ते, वाटेवरचं कुणी,
जाईल पुढं.
सासूचंही असंच जात होतं.
एमी कादु, एमी कादु, काही नाही गं,
म्हणत ती पानं कातरत राहिली.
शेवटी रिक्षात बसवताना खाली टॉवेल घातला,
आपल्या सोलापूरचा, तांब्याभर पाणी पिणारा.
पुरला नाही.

मंगरुळे सिस्टरनं फळ्यावर पेरू काढला,
उलटा, देठ खाली.
देठाला म्हणाली, पिशवीचं तोंड.
विषाणू असतो, लग्नानंतर बहुतेकींना गाठतो,
बहुतेकींचा आपोआप जातो,
एखादीच्या तोंडाशी मात्र वर्षानुवर्षं बसून राहतो,
कळ नाही, ताप नाही.
‘येतो कुणाकडून?’ मागून कुणीतरी.
चादरीवरचे मोरसुद्धा हलायचे थांबले.
सिस्टर म्हणाली, ते शोधत बसू नका,
तपासलं कधी ते सांगा.
उत्तर बरंच होतं.
प्रश्न तरी माझ्यामागं घरी आलाच,
रात्रपाळीहून आलेल्या माणसाच्या
ताटाशेजारी बसला.

टेबल. पाय वर.
सैल सोडा, ताई. अजून सैल.
सैल विडी छाटात जाते, बाई!
ती हसली, मी पण, तेवढ्यात थंड चमचा आत.
मग व्हिनेगर,
चायनीजच्या गाडीचा वास, आणि कुठं!
एक मिनिट थांबायचं, म्हणाली.

एका मिनिटात माझ्या दोन विड्या होतात,
तिसरीचं पान हातात असतं.
पोटावर बोटं आपोआप चालू लागली,
पान, जर्दा, वळ, दोरा,
तोंड मुडप.
पान, जर्दा, वळ, दोरा,
तोंड मुडप.
किती लाख तोंडं मिटली असतील या नखानं.
ह्या एका तोंडाशी
कुणी दोन शब्द बोललं नव्हतं,
मी धरून.

बालमणीचं साधं निघालं, गोळ्या दिल्या.
तिला त्रास होता.
मला काहीच होत नव्हतं.
माझ्यात पांढरा डाग निघाला.

कॅन्सर नाही, सिस्टर तीनदा म्हणाली,
अलीकडची पायरी आहे, आत्ताच आवरता येते.
गुरुवारी या, सळईनं शेकू, मिनिटभराचं काम.
‘विड्यांचे कट्टे शेकतात तसं?’
ती जरा थांबली.
‘हो. तसंच.’

गुरुवारचा खाडा. सातशे विड्या बुडणार.
घरी सांगितलं तेव्हा तो भात कालवत होता,
कालवतच राहिला.
मग म्हणाला, मी सोडतो गाडीवर.
एवढंच.
प्रश्न अजून ताटाशेजारीच होता,
आम्ही दोघांनी त्याला वाढलं नाही.

आज शाखेत रांग.
माझ्यापुढं सत्तेम्मा, तिच्या सुनेचं सुपडंही तिच्याच डोक्यावर.
तिला म्हटलं, शिबिर अजून दोन दिवस आहे.
मला काय धाड भरलीय, ती म्हणाली.
मला पण भरली नव्हती, म्हटलं.
चेकर खेकसला, पुढं सरका, गप्पा नंतर.
ती सरकली. सुपडी ठेवली.
त्यानं मूठ उचलली, अंगठ्यानं दाबली,
ही सैल, ही आखूड.
ती त्याच्या हाताकडं बघत नव्हती.
मान वळवून, पदर तोंडावर धरून
मला हळूच विचारलं,
दुखतं का गं?